थंडी खालूनही येते: रजई, गादी आणि हिवाळ्यातले घर

खानदेशातली घरे उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली असतात. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो, म्हणून उंच छत, भिंतीत झरोके आणि खाली गार फरशी. पौषात हीच सोय उलटते. उत्तरेचे वारे सुटले आणि आभाळ निरभ्र राहिले की धुळे-जळगावकडे रात्रीचा पारा 6-7 अंशांपर्यंत उतरतो, आणि सर्वांत जास्त हिव वाजते ते पहाटे, सूर्य उगवायच्या सुमारास. अशा दिवसांत आमच्या गादी-रजईच्या दुकानात येणारे बहुतेकजण 'जाड रजई द्या' म्हणतात. आमचे सांगणे असते, आधी अंगाखाली काय आहे ते पाहा.

रजई स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या अंगाची. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, तंतूंत अडकलेली हवा ती धरून ठेवते. अंगावरची रुई फुललेली राहते, पण अंगाखालची वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि फरशी ऊब ओढून घेते. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांच्या 3 बाय 6 फुटी गादीत निदान 8 किलो रुई हवी. गादीवर कोपर टेकवून भार द्या. खालची फरशी हाडाला लागली तर गादी बसली आहे, वर कितीही जाड रजई घेतली तरी पाठ गारच राहणार. गादीखाली चटई आणि त्यावर घोंगडी किंवा दुपदरी गोधडी घाला. प्लॅस्टिकची ताडपत्री नको: अंगाची वाफ तिच्यावर जमते आणि गादीचा तळ ओला होतो. याच कारणाने सकाळी गादी गुंडाळून उभी करावी. खाटेवर झोपत असाल तर विणीतून वारा लागतो. तिथेही गोधडी गादीच्या खालीच घालावी.

आता रजई. एकट्यासाठी 5 बाय साडेसात फुटांची असेल तर 3 किलो रुई पुरते; दोघांसाठी 7 बाय साडेसात फुटांच्या रजईत 4 ते साडेचार किलो. काही ग्राहक 5 किलोची सिंगल मागतात, आम्ही ती सहसा भरून देत नाही. जास्त वजनाने रुई स्वतःच दबते, झोपणाऱ्याला कूस बदलता येत नाही, म्हाताऱ्या माणसांच्या छातीवर भार येतो. त्यापेक्षा अंगालगत मऊ सुती चादर किंवा गोधडी आणि वर 2 किलोची रजई घ्या. दोन थरांमध्येही हवा अडकते. टाक्यांचे अंतर पाच-सहा इंच असावे. फार जवळ टाके घातले की त्या रेषांवर रुई चेपते आणि तिथून थंडी शिरते. फार लांब घातले तर वर्षभरात रुई सरकून कोपऱ्यांत गोळा होते. रजई उन्हासमोर धरली की विरळ जागा लगेच दिसतात.

घरचा कापूस घेऊन येणारे शेतकरी आमच्याकडे बरेच. त्यांनी हिशेब लक्षात ठेवावा: सरकी काढल्यावर साधारण एक तृतीयांश रुई उरते, म्हणजे 3 किलोच्या रजईला 9 किलो कापूस आणावा लागेल. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा आणा. शेवटची कवडी, म्हणजे किडका, नीट न फुटलेला कापूस, मिसळली तर रुई फुलत नाही, लवकर गाठी धरते.

दोन-तीन हिवाळ्यांनी रजई पिंजून घ्यावी. धूळ आणि तुटके तंतू निघतात, वजन थोडे घटते, म्हणून अर्धा किलो नवी रुई घालावी लागते. पिंजण्याआधी आणि नंतर समोर वजन करून मागा. तो तुमचा हक्क आहे. मधल्या काळात आठवड्यातून एकदा सकाळी 10 ते दुपारी 3 या वेळात ऊन द्या, मध्ये एकदा उलटा. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारचे ऊन कडक असते, ते वाया घालवू नका. काठीने जोरात बडवू नका, तंतू तुटतात. रजई कधीही धुवू नका, आतली रुई गोळा होते आणि मधोमध ओल राहून कुबट वास धरते. धुवायची ती खोळ. मुलाने ओली केली तर डाग पडलेली बाजू उन्हाकडे ठेवून पूर्ण सुकेपर्यंत वाळवा.

घरात वारा शिरतो तो बहुधा दाराखालच्या फटीतून. जुन्या साडीची साडेतीन फूट लांब, चार इंच जाडीची नळी शिवा, तिच्यात वाळू किंवा चिंध्या भरा आणि रात्री दाराशी ठेवा. पत्र्याच्या घरात पहाटे वरून थेंब पडतात. ती आपल्याच श्वासाची वाफ असते, गार पत्र्यावर जमलेली. पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून कापडी छत ताणले की थेंब बरेच थांबतात आणि वरचा गारवाही कमी उतरतो.

गरम पाण्याची पिशवी वापरताना पाणी उकळते नको. दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, फडक्यात गुंडाळा, आणि झोपण्याआधी अंथरुणातून बाहेर घ्या. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका जाणवतोच असे नाही, फोड आल्यावर कळते. वर्षाच्या आतील बाळावर जड रजई घालू नका, तोंड झाकू नका. अंगात एक कपडा जास्त घाला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वांगी भाजून उरलेले काटक्यांचे निखारे किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत झोपताना ठेवू नका. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे वाटते, पण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तेच. झरोका बुजवू नका. डोके दुखू लागले, मळमळ किंवा चक्कर आली, तर दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना उघड्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा.