तरुणांचा रोजगार (मुंबई)

तरुणांचा रोजगार म्हणजे सरकारी हिशोबात 15 ते 29 वयाच्या पोरापोरींचं काम. पीएलएफएस नावाचा केंद्राचा सर्व्हे 2017-18 पासून हे मोजतो. त्यातल्या आठवड्याच्या हिशोबात मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर धरतात, त्यामुळे रविवारी लग्नात वाढप्याचं काम करून बाकी आठवडा घरी बसलेला पोरगा कागदावर बेकार नसतो.

आपल्यासारख्या देशात गरिबाला बेकार राहणं परवडतच नाही. म्हणून बेकारीचा आकडा कमी शिकलेल्यांत कमी आणि ग्रॅज्युएट लोकांत जास्त दिसतो. दहावीत गचकलेला लगेच डिलिव्हरीला लागतो, बीकॉमवाला पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर धावत दोन-तीन वर्षं काढतो, कारण घरी बापाचा पगार चालू असतो. डिग्रीइतकीच थांबायची ऐपतही लागते, हे सहसा कोणी बोलत नाही.

ओळख हा दुसरा मुद्दा, आणि तो जुनाच. गिरणगावात काका-मामाच्या ओळखीने पोरगा बदली म्हणून लागायचा, पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर घरी, असं करत करत कधीतरी परमनंट. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लोअर परळला आता मॉल आणि ऑफिसं आहेत. काम तिथे आजही मिळतं, पण सिक्युरिटी, हाउसकीपिंग, सेल्स, तेही बरंचसं कॉन्ट्रॅक्टवर. फाडफाड इंग्रजी येत असेल तर वरच्या मजल्यावर.

अंतराचंही तसंच. बदलापूर किंवा नालासोपाऱ्याहून रोज दोन्हीकडचे मिळून चार तास गेले तर संध्याकाळचा क्लास कुठून करणार? मुलींच्या बाबतीत तर शिफ्ट किती वाजता सुटते आणि रात्री स्टेशनवरून रिक्षा मिळते का, यावरच घरचे होकार देतात, पगार नंतर.

अनुभव मिळावा म्हणून 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे. राज्याने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. मुदत संपली की मात्र परत सीव्हीची पीडीएफ ओळखीतल्या कोणाला तरी व्हॉट्सॲपवर.