दुखणे नाकाचे, संकट यकृताचे

सर्दी झालेले मांजर वाटीपाशी येते, मान खाली घालते, नाक अन्नाच्या अगदी जवळ नेते, क्षणभर थबकते आणि तोंड न लावताच मागे वळते. पाहणाऱ्याला वाटते, त्याला भूक नाही. पुष्कळदा ते भुकेलेले असते. भूक नसती तर ते वाटीपर्यंत आलेच नसते. समोरची वस्तू खाण्याजोगी आहे याची खात्री त्याला नाकाने करून घ्यायची असते आणि नाक चोंदल्यामुळे ती होत नाही. मांजराच्या श्वसनसंसर्गाचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी औषधांच्या यादीऐवजी या वाटीपासून विचार सुरू करावा असे मला वाटते, कारण सर्दीने आजारी पडलेल्या प्रौढ मांजराला विषाणूइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक धोका उपासाचा असतो. आजारपणात थोडे लंघन झालेले बरे, हा माणसाच्या बाबतीत खपून जाणारा समज मांजराच्या बाबतीत सपशेल चुकीचा आहे.

या संसर्गामागे बहुतांशी दोन विषाणू असतात: मांजरांचा हर्पीस विषाणू आणि कॅलिसी विषाणू. क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा आणि बोर्डेटेला या गटांतील जीवाणू कधी स्वतंत्रपणे आजार घडवतात, तर कधी विषाणूने सोलून काढलेल्या अस्तरावर मागाहून वस्तीला येतात. शिंका, ताप, डोळ्यांतून पाणी आणि नाकातून आधी पातळ व नंतर घट्ट पिवळसर स्राव ही दोहोंची समान लक्षणे असली तरी डोळ्याच्या बुबुळावर व्रण पडणे ही हर्पीसची खूण असते आणि जिभेवर व्रण उठून लाळ गळणे ही सहसा कॅलिसीची. हे दोन्ही विषाणू माणसाला होत नाहीत. ‘हर्पीस’ या नावाने दचकण्याचे कारण नाही.

नाकातून पिवळा स्राव दिसला की प्रतिजैविक हवेच, असे अनेकांना वाटते. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही आणि स्राव पिवळा होणे ही मुख्यतः पांढऱ्या पेशींची करामत असते. पशुवैद्यांसाठी 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ज्या मांजराला ताप नाही, जे मलूल नाही आणि जे खाते आहे, त्याला 10 दिवसांपर्यंत प्रतिजैविकाविना नजरेखाली ठेवता येते. त्यापलीकडे गरज पडलीच तर पहिली पसंती डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त औषधाला आहे. ही गोळी मात्र कोरडी गिळवू नये. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते आणि जखम भरताना नलिका आवळते, म्हणून गोळीमागोमाग पिचकारीने थोडे पाणी किंवा घासभर अन्न पोटात गेले पाहिजे. विषाणू ओळखणाऱ्या महागड्या चाचण्यांबद्दलही हेच तारतम्य हवे: निरोगी दिसणाऱ्या मांजरांतही हे विषाणू सापडतात आणि चाचणीच्या उत्तराने उपचार बदलतोच असे नाही.

आता नाकाकडे वळू. मांजराच्या नाकात कागदाच्या गुंडाळीसारखी वेटोळी झालेली अतिशय पातळ हाडे असतात आणि त्यांवर ओलसर अस्तर असते. 2023 साली संशोधकांनी मांजराच्या नाकाचे संगणकीय प्रारूप तयार करून त्यातून हवा कशी वाहते ते तपासले. आत आलेली हवा दोन वाटांनी जाते. एक प्रवाह गरम आणि दमट होऊन फुप्फुसाकडे निघतो, तर दुसरा मधल्या मोकळ्या वाटेने झपाट्याने मागे, गंध ओळखणाऱ्या भागात पोहोचतो आणि तेथील समांतर वेटोळ्यांतून संथपणे फिरतो. वायूंचे मिश्रण वेगवेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राशी संशोधकांनी या रचनेची तुलना केली आणि तेवढ्याच आकाराच्या कवटीत बसणाऱ्या सरळ नळीपेक्षा ती 100 पटींहून अधिक कार्यक्षम ठरते असा निष्कर्ष काढला. एवढी नाजूक रचना बंद पडायला अस्तराची किंचित सूज आणि थोडा चिकट स्राव पुरतो. त्यात हर्पीस विषाणूला शरीराच्या गाभ्यापेक्षा थोडे थंड असलेले ऊतक मानवते, आणि नाकाचे अस्तर नेमके तसेच असते. तीव्र आजारात तर ही वेटोळी हाडेही झिजतात आणि मग त्या मांजराचे नाक जन्मभर सुरसुरत राहते. गंध गेला म्हणून चवीने भागवावे, तर तीही फारशी कामी येत नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीच्या दोन भागांपैकी एकाचे जनुक मांजरात निकामी आहे, हे 2005 साली स्पष्ट झाले.

उपास पडला की खरी गुंतागुंत यकृतात सुरू होते. माणूस किंवा कुत्रा उपाशी राहिला तर प्रथिने जाळणारी यकृतातील विकरे आपला वेग बराच कमी करतात. मांजराचे पूर्वज पिढ्यानुपिढ्या केवळ मांसावर जगले. त्यांना हा वेग कमी करण्याची वेळ क्वचितच आली, आणि ती सोय मांजरात जेमतेमच उरली आहे. त्यामुळे अन्न बंद झाले तरी प्रथिनांचे ज्वलन चालूच राहते. फक्त आता जळतात ते स्वतःचे स्नायू. प्रथिने जळली की अमोनिया तयार होतो. तो विषारी असल्यामुळे यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. या युरिया चक्राची कल्पना रहाटगाडग्यासारखी करावी: ऑर्निथिन नावाचा रेणू हे गाडगे, त्यात अमोनियातील नायट्रोजन भरला जातो, गाडगे सिट्रुलिन आणि आर्जिनिन ही रूपे घेत वर येते, युरिया ओतून देते आणि पुन्हा ऑर्निथिन होऊन खाली जाते. बहुतेक सस्तन प्राणी आतड्यात ग्लुटामेटसारख्या अमिनो आम्लांपासून नवी गाडगी घडवू शकतात. मांजराच्या आतड्यात त्यासाठी लागणारी विकरे इतकी मंद असतात की गाडग्यांचा पुरवठा जवळजवळ सर्वस्वी अन्नातून येणाऱ्या आर्जिनिनवर अवलंबून राहतो. 1978 साली अमेरिकी संशोधकांनी रात्रभर उपाशी ठेवलेल्या मांजरांना आर्जिनिन वगळलेला आहार एकच वेळ दिला, तेव्हा काही तासांतच त्यांच्या रक्तातील अमोनिया वाढून त्यांना विषबाधा झाली. एका जेवणातील एका अमिनो आम्लाच्या अभावाने इतका अनर्थ घडावा, असे उदाहरण सस्तन प्राण्यांत दुर्मीळच आहे.

याच वेळी शरीर साठवलेला मेद मोकळा करते आणि मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे येतो. यकृताला ती जाळावी लागतात किंवा प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून रक्तात परत पाठवावी लागतात. परंतु वेष्टनासाठी लागणारी प्रथिनेच तुटपुंजी झालेली असतात. माल येतच राहतो, जावक थंडावते आणि पेशी मेदाच्या थेंबांनी फुगतात. या विकारात यकृताच्या 80 टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये मेद साठलेला आढळतो, आणि हिरड्या व कानांची आतली बाजू पिवळी दिसू लागते. मांजर लठ्ठ असेल तर धोका अधिक, कारण मोकळा होणारा मेदच अधिक असतो. अन्न तुटल्यापासून दोन दिवसांतही याची सुरुवात होऊ शकते. एकदा हे झाले की नळीवाटे कित्येक आठवडे अन्न भरवण्यावाचून इलाज नसतो, आणि हा खर्च सर्दीच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

या पार्श्वभूमीवर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लायसिन या अमिनो आम्लाच्या भुकटीकडे पाहावे. लायसिन दिल्याने आर्जिनिन कमी होते आणि आर्जिनिनविना हर्पीस विषाणू वाढत नाही, असा त्यामागचा तर्क. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या लेखाने हा तर्क दोन्ही बाजूंनी कोसळवला. मांजरात लायसिनमुळे आर्जिनिन कमी होत नाही. आणि खरोखर झाले असते, तर ते वर पाहिल्याप्रमाणे मांजराच्या जिवावर बेतले असते. काही प्रयोगांत तर लायसिन दिलेल्या मांजरांचा आजार अधिक तीव्र झालेला दिसला. तरीही ती भुकटी खपतेच आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा खर्च आहे.

मग करायचे काय? मांजराला न्हाणीघरात घेऊन दार बंद करावे, गरम पाण्याची धार सोडावी आणि 10 ते 15 मिनिटे त्या वाफेत त्याच्याजवळ बसावे. दिवसातून दोन-तीन वेळा एवढे केले तरी घट्ट स्राव सैल होतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मांजराला धरून अंगावर पंचा टाकणे हा मात्र भाजण्याचा हमखास मार्ग आहे. वाफेनंतर 0.9 टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणाचा, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सलाइनचा, एकेक थेंब प्रत्येक नाकपुडीत सोडावा आणि शिंक येऊ द्यावी. वाळलेली खपली नखाने ओढू नये. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा तीवर मिनिटभर धरला की ती आपोआप सुटते. दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे घ्यावेत.

यानंतर लगेच, नाक मोकळे असतानाच, अन्न पुढे करावे. ते 38 अंशांच्या आसपास, म्हणजे मांजराच्या अंगाइतके कोमट असावे, कारण तापमान वाढले की गंधाचे रेणू अधिक संख्येने हवेत उडतात आणि अर्धवट बंद नाकापर्यंतही थोडे पोहोचतात. उग्र वासाचे, मऊ, पाणी घालून सैल केलेले मांसान्न पसरट ताटलीत, चमचा-चमचा, अनेक वेळा द्यावे. 4 किलोच्या मांजराला विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी लागतात. पाकिटावरचा आकडा वाचून किती पोटात गेले याचा हिशेब ठेवता येतो. पिचकारीने बळजबरीने भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, शिवाय मांजर त्या अन्नाचा कायमचा तिटकारा धरते. भूक जागवण्यासाठी मिर्टाझापिन हे औषध पशुवैद्य देऊ शकतात. माणसांच्या नैराश्यावरील या जुन्या औषधाचा कानाला लावायचा मलम-प्रकार अमेरिकेत 2018 साली मांजरांसाठी मान्य झाला. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवणे हे सर्वांत स्वस्त निदान होय. 4 किलोच्या मांजराचे 200 ग्रॅम घटले तर ती 5 टक्के घट असते, आणि डोळ्यांना ती दिसत नाही.

पैसे वाचवण्याच्या नादात घरातल्या औषधपेटीला हात लावू नये. पॅरासिटॅमॉल निरुपद्रवी करण्यासाठी माणसाचे यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते. मांजरात हे काम करणाऱ्या विकराचे जनुक मृतवत झाले आहे. परिणामी विषारी अवशेष साचतो, तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास असमर्थ होते आणि हिरड्या तपकिरी पडतात. 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर तुकडाही जीव घेऊ शकतो. याच उणिवेमुळे निलगिरी वा टी-ट्री तेल, कापूरयुक्त मलम आणि फिनॉल असलेली फरशीची द्रावणे मांजराला बाधतात. म्हणून वाफ निव्वळ पाण्याचीच हवी. ‘नैसर्गिक’ या शब्दाला मांजराचे यकृत काडीची किंमत देत नाही. माणसांच्या हर्पीसवरील अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्याही मांजराच्या अस्थिमज्जेला घातक आहेत. गरज असेल तेथे पशुवैद्य फॅमसायक्लोव्हिर देतात.

हातातले पैसे पशुवैद्याच्या एका तपासणीसाठी राखून ठेवावेत आणि ते लवकर खर्च करावेत. प्रौढ मांजराने 24 तास अन्नाला तोंड लावले नाही, पिल्लाने त्याच्या निम्मा वेळ, किंवा डोळा मिटलेलाच राहिला, तर थांबू नये. झोपलेल्या मांजराची छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. हा आकडा 30 च्या वर वारंवार जाऊ लागला तर आजार नाकापुरता राहिलेला नाही. तोंड उघडे टाकून श्वास घेणारे मांजर तर त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे. पैशांची मर्यादा तपासणीच्या आरंभीच स्पष्ट सांगितली, तर काय आज करायचे आणि काय दोन दिवस थांबू शकते, हे पशुवैद्य ठरवू शकतात.

मांजर बरे झाले तरी हर्पीस विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या चेतापेशींच्या गुच्छात तो निद्रिस्त राहतो आणि ताण आला की जागा होतो: घर बदलले, नवे मांजर आले, पिल्ले झाली, की साधारण आठवडाभराने पुन्हा शिंका सुरू होतात. लसीने संसर्ग पूर्णपणे टळत नाही, पण आजाराची तीव्रता बरीच कमी होते. कॅलिसीची गोष्ट वेगळी आहे. त्याला मेदाचे आवरण नसल्यामुळे हात पुसायचे अल्कोहोल त्याच्यावर फारसे चालत नाही आणि कोरड्या पृष्ठभागावर तो काही आठवडे टिकू शकतो. घरात दुसरे मांजर असेल तर आजारी मांजराच्या वाट्या वेगळ्या ठेवाव्यात, त्या आधी साबणाने धुऊन 1 भाग ब्लीच आणि 32 भाग पाण्याच्या द्रावणात 10 मिनिटे बुडवाव्यात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळाव्यात. नाही तर नाक नुकतेच मोकळे झालेले मांजर त्या वासानेच वाटीपासून मागे वळेल.