संगीतातील पदवी शिक्षण

संगीत हा मुख्य विषय घेऊन विद्यापीठात किंवा संगीत महाविद्यालयात केलेला पहिला पदवी अभ्यासक्रम. मुदत बहुधा तीन किंवा चार वर्षे. गायन, वादन, रचना, संगीतशास्त्र, संगीत अध्यापन, ध्वनिमुद्रण यांपैकी एक शाखा मुख्य धरायची आणि बाकीचे विषय तिच्याभोवती घ्यायचे, अशी साधारण मांडणी असते.

इतर पदव्यांशी तुलना केली तर एक फरक लगेच डोळ्यांत भरतो. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलाने दहा वर्षे प्रयोगशाळेत काढलेली नसतात. व्हायोलिनच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्याने मात्र व्हायोलिनवर काढलेली असतात. हात बसलेला असतो, आणि पुष्कळदा चुकीचा बसलेला असतो. त्यामुळे गज धरण्याची पद्धत, श्वास घेण्याची जागा, बोटांचा कोन हे सगळे मोडून पुन्हा घडवण्यातच पहिले सत्र जाते. त्या काळात विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी वाजवत होता त्यापेक्षा वाईट वाजवतो. घरचे लोक घाबरतात, शिक्षक घाबरत नाहीत.

पूर्वपीठिका

मध्ययुगीन यूरोपातील विद्यापीठांत संगीत होते, पण गाणे-वाजवणे नव्हते. अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र यांच्या पंगतीत संगीताला चौथे पान होते. सहाव्या शतकाच्या आरंभी रोमन तत्त्वज्ञ बोईथियसने लिहिलेला ग्रंथ त्यासाठी शतकानुशतके वाचला गेला. तार निम्मी केली की सूर एक सप्तक वर चढतो, दोन-तृतीयांश ठेवली की पंचम मिळतो, ही गुणोत्तरे म्हणजेच संगीत. बोईथियसच्या मते खरा संगीतज्ञ तोच, जो बुद्धीने पारख करतो. हाताने वाजवणाऱ्याची पायरी त्याने खालची धरली. ही उतरंड विद्यापीठांच्या भिंतींतून अजूनही पुरती गेलेली नाही.

संगीतातील पदवीची सर्वांत जुनी नोंद केंब्रिजची मानतात: १४६४ च्या सुमारास हेन्री ॲबिंग्डन या गायकाला ती मिळाली. पुढेही इंग्लंडमध्ये दीर्घकाळ या पदवीसाठी वर्गात बसावे लागत नसे. स्वतःची रचना परीक्षकांपुढे ठेवायची, ती पसंत पडली की पदवी. ती एका अर्थाने कारागिराच्या हाताला दिलेली पावतीच होती. ऑक्सफर्डने १७९१ मध्ये ख्यातनाम संगीतकार हायडनला डॉक्टरेट दिली ती अर्थातच सन्मान म्हणून. त्याला शिकवायला तिथे कोणी उरले नव्हते.

प्रत्यक्ष वाजवायला शिकवणाऱ्या शाळांचा उगम निराळा आहे. सोळाव्या शतकात नेपल्समध्ये अनाथ मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्था होत्या आणि 'सांभाळणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरूनच त्यांना 'कॉन्झर्वातोरिओ' म्हणत. पोटापाण्यासाठी मुलांना संगीत शिकवले जाई. हळूहळू सांभाळ मागे पडला आणि संगीत उरले. पॅरिसचे कॉन्झर्वात्वार १७९५ चे, फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचे. त्याची मुळे राष्ट्रीय रक्षकदलाच्या बँडसाठी वादक तयार करणाऱ्या शाळेत आहेत. १८४३ मध्ये संगीतकार मेंडेल्सनने लाइपझिगला संगीतशाळा काढली आणि मग हा साचा सगळीकडे गेला: सेंट पीटर्सबर्ग १८६२, अमेरिकेत ओबरलिन १८६५, मॉस्को १८६६, तोक्यो १८८७, शांघाय १९२७.

भारतात बडोद्याला १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा १९५० मध्ये ओंकारनाथ ठाकुरांनी घेतली, तर १९५६ मध्ये खैरागडला फक्त कलांना वाहिलेले विद्यापीठच झाले. या सगळ्यांपुढे एक अडचण सारखीच होती. गुरू एकच राग महिनोन्महिने गाऊन घेतो. अभ्यासक्रमाला मात्र 'या वर्षी इतके राग, इतके ताल, इतक्या बंदिशी' असे लिहावे लागते. राग मोजता येतात म्हणून मोजले गेले. एका सत्रात सहा राग 'झाले' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातला एक अर्धा तास गायला सांगितले, की मोजणीतली गोम कळते. दुसरी बाजूही सांगायला हवी: या शाळा निघाल्या म्हणूनच घराण्यात न जन्मलेल्यांना, विशेषतः मुलींना, राजरोस गाणे शिकता आले.

पदवीचे प्रकार

नावांचा घोळ बराच आहे. बी.म्यूस. किंवा बी.एम. (बॅचलर ऑफ म्यूझिक) ही व्यावसायिक वळणाची पदवी; अमेरिकेत तिच्या एकूण अभ्यासापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग संगीताचा असतो. बी.ए. (संगीत) मध्ये हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास उतरते आणि उरलेल्या वेळात भाषा, इतिहास, विज्ञान असे काहीही शिकता येते. प्रयोगकलांसाठी बी.पी.ए. (बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स), तर कुठे बी.एफ.ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) असते. यूरोपात देशोदेशींच्या पदव्या एका मापाच्या करणाऱ्या १९९९ च्या बोलोन्या करारानंतर पहिल्या पदवीसाठी १८० किंवा २४० श्रेयांक असा हिशेब रूढ झाला. अर्जदाराने नावापेक्षा वेळापत्रक पाहावे: आठवड्याला शिक्षकाबरोबर एकट्याचा तास किती वेळ मिळतो, या एका आकड्यावरून पदवीची जात ओळखता येते.

प्रवेश

बहुतेक ठिकाणी प्रवेश ऑडिशनवर ठरतो. ब्रिटिश पद्धतीच्या श्रेणी परीक्षा देणाऱ्यांकडून आठव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीच्या आसपासची तयारी अपेक्षित असते. वेगवेगळ्या शैलीच्या दोन-तीन रचना, कधी न पाहिलेली स्वरलिपी नजरेसरशी वाजवणे, थोडी कानाची चाचणी आणि गप्पा. या गप्पांना विद्यार्थी किरकोळ समजतात, पण परीक्षक तिथेच सर्वांत जास्त बघतात. 'हाच तुकडा जरा हळू, आणि सगळा जोर दुसऱ्या मात्रेवर' असे सांगितल्यावर समोरचा काय करतो यावरून तो शिकू शकेल की नाही हे ठरते. निवडीत चुका होतातच. मिलानच्या संगीतशाळेने १८३२ मध्ये वय जास्त आणि पियानोवरचा हात सदोष म्हणून ज्याला नाकारले तो पुढे ऑपेरांसाठी जगप्रसिद्ध झालेला व्हेर्दी होता. आज ती शाळा त्याच्याच नावाने ओळखली जाते.

काय शिकतात

मधोमध असतो तो मुख्य वाद्याचा किंवा गळ्याचा तास. शिक्षक एक, विद्यार्थी एक, बंद दार. विद्यापीठाच्या हिशेबनिसाला हा तास डोईजड वाटतो, कारण शंभर जणांना एकदम शिकवण्याची सोय त्यात नाही. पण या शिक्षणाचा कणा तोच. त्याच्या जोडीला समूहवादन, वृंदगान, साथसंगत, संगीताचा इतिहास, एक दुय्यम वाद्य (पाश्चात्त्य पद्धतीत बहुधा पियानो) आणि संगीतशास्त्राचे तास असतात.

सर्वांत धास्तीचा विषय विचाराल तर कानाचा. स्वरलेखनाच्या वर्गात शिक्षक पियानोवर आठ मापांची (माप म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) धून चार वेळा वाजवतात. नवखा पहिल्या सुरापासून लिहायला लागतो आणि तिसऱ्या मापात हरवतो. तयार विद्यार्थी पहिल्या वेळी पेन्सिलला हातच लावत नाही. तो ताल मनात धरतो, धून कुठे टेकली ते ऐकतो. दुसऱ्या वेळी आधी शेवटचा सूर लिहितो, मग सर्वांत उंच सूर, मग मधल्या गाळलेल्या जागा. चौथ्या वेळी फक्त तपासतो. गंमत म्हणजे कोणताही सूर ऐकताच त्याचे नाव सांगणारी, उपजत कानाची मुले इथे कधीकधी अडतात. तीच धून दुसऱ्या पट्टीत लिहा म्हटले की त्यांचा गोंधळ उडू शकतो, कारण त्यांनी सुटे सूर ओळखलेले असतात, सुरांमधली नाती नाहीत. हिंदुस्थानी पद्धतीत हाच विषय सरगम ओळखण्याने, ठेका ऐकून ताल सांगण्याने आणि मध्येच सुरू झालेल्या आवर्तनात सम पकडण्याने होतो. षड्ज कुठेही धरला तरी नाते तेच राहते, हे तिथे पहिल्याच दिवशी अंगवळणी पडते.

पाश्चात्त्य अभ्यासक्रमातील हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची जुळणी) आणि काउंटरपॉइंट (स्वतंत्र धुनी एकमेकींत गुंफणे) हे विषय म्हणजे स्वरांचे व्याकरण. काउंटरपॉइंट शिकवण्याची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत ऑस्ट्रियन संगीतकार फुक्सने १७२५ मध्ये लॅटिन ग्रंथात बसवली आणि तिचे सांगाडे अजून वापरात आहेत. दोन आवाजांनी लागोपाठ पंचमाचेच अंतर ठेवून चालू नये, हा त्यातला कुप्रसिद्ध नियम. विद्यार्थी तो घोकतात आणि शिक्षक वहीत लाल रेघा मारतात. कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. पंचमाचे दोन सूर इतके एकजीव होतात की ते जोडीने सरकले तर कानाला दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, आणि दोन स्वतंत्र आवाज हवेत म्हणून तर सगळा खटाटोप. एवढे वाजवून दाखवले तर नियम पाठ करावा लागत नाही.

रियाज

वेळापत्रकात न दिसणारा, पण सर्वांत मोठा विषय. संगीतशाळेत जेमतेम एक पियानो आणि एक माणूस मावेल अशा, आवाज कोंडणाऱ्या खोल्यांची रांग असते आणि पदवीची वर्षे तिथेच जातात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला मानसशास्त्रज्ञ आंडर्स एरिकसन व सहकाऱ्यांचा अभ्यास बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरच होता. सर्वोत्तम गटातले विद्यार्थी आठवड्याला सुमारे २४ तास एकट्याने रियाज करत, पुढे शिक्षक होऊ पाहणारे सुमारे ९. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी १०,००० तासांच्या पुढे गेली होती. हा आकडा नंतर मंत्रासारखा जगभर फिरला. ही सरासरी आहे, उंबरठा नव्हे, हे एरिकसनला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तसाच अभ्यास केला तेव्हा तासांचा प्रभाव बराच कमी दिसला. मूळ अभ्यासातली एक बाब सहसा कोणी सांगत नाही: सर्वोत्तम आणि त्याखालचा चांगला, या दोन्ही गटांतली मुले शिक्षक होऊ पाहणाऱ्यांपेक्षा झोपतही जास्त होती.

तासांच्या हव्यासाची किंमत शरीर देते. मनगट, खांदा, गायकांच्या स्वरतंतूंवरील गाठी या नेहमीच्या तक्रारी. संगीतकार शूमानचा उजवा हात विशीतच कामातून गेला आणि पियानोवादक होण्याचा बेत सोडावा लागला. कानांचेही तसेच: कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते आणि ब्रास वाद्यांच्या पुढच्या रांगेत बसणारा ती सहज ओलांडतो. त्यामुळे कानात घालायच्या बोंड्या, विश्रांतीचे अंतर, अंगस्थिती यांचे धडे आता काही अभ्यासक्रमांत आले आहेत. 'दुखतंय तरी वाजव' म्हणणारे शिक्षकही अजून आहेत.

परीक्षा

लेखी परीक्षा इतर विषयांसारखीच. प्रात्यक्षिकाचे तसे नाही. सत्राच्या शेवटी तीन-चार शिक्षकांच्या मंडळापुढे दहा-पंधरा मिनिटे. विद्यार्थी तीन महिने घासलेली रचना सुरू करतो, आणि ती ऐन रंगात आली असताना मेजामागून 'पुरे, पुढची घ्या' असा आवाज येतो. पहिल्या वर्षी याने रडू फुटते. तिसऱ्या वर्षी कळते की परीक्षकांना हवे ते पहिल्या दोन मिनिटांतच कळलेले असते. शेवटच्या वर्षी पाऊण ते एक तासाची स्वतंत्र मैफल द्यावी लागते. रचनांची निवड, त्यांचा क्रम, टिपणे, संगतकाराशी जमवून घेणे हे सगळे विद्यार्थ्याने करायचे. रचना शाखेच्या विद्यार्थ्याला आपली कृती वाजवायला वादक स्वतःच गोळा करावे लागतात. त्यात शिकलेले लोकव्यवहार पुढे स्वरज्ञानाइतकेच उपयोगी पडतात.

बदलते स्वरूप

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोप-अमेरिकेत 'संगीताची पदवी' म्हणजे यूरोपीय अभिजात संगीताची पदवी. १९४७ मध्ये उत्तर टेक्सासच्या महाविद्यालयाने जॅझ वादनाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. 'जॅझ' हा शब्द तेव्हा कागदावर नको होता म्हणून त्याला 'नृत्यवृंद संगीत' म्हटले. डच अभ्यासक यॉप कुन्स्टने १९५० मध्ये एथ्नोम्यूझिकॉलॉजी (निरनिराळ्या संस्कृतींच्या संगीताचा अभ्यास) ही संज्ञा रूढ केली, आणि अमेरिकन अभ्यासक मँटल हूडने १९६० मध्ये आग्रह धरला की दुसऱ्या संस्कृतीच्या संगीतावर लिहिणाऱ्याने आधी ते वाजवायला शिकावे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्याचे विद्यार्थी गॅमेलान हा जावाचा वाद्यवृंद वाजवत ते याच विचाराने. आता लोकप्रिय संगीत, चित्रपटांचे पार्श्वसंगीत, ध्वनिमुद्रण यांच्याही पदव्या आहेत. स्वरलिपी वाचता न येणाऱ्या, पण संगणकावर उत्तम संगीत रचणाऱ्या मुलाला प्रवेश द्यायचा की नाही, यावर विभागांच्या बैठका लांबतात.

पदवीनंतर

शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर बहुतेक देशांत पदवी लागतेच; पुढील संशोधनालाही. खाजगी शिकवण्या, साथसंगत, ध्वनिमुद्रण, कार्यक्रमांचे व्यवस्थापन अशी दोन-तीन कामे एकत्र करून बहुतेक पदवीधर संसार चालवतात. वाद्यवृंदातली कायम जागा थोड्यांनाच मिळते. तिच्या चाचणीला बोलावताना अर्जावरची पदवी पाहिली जाते खरी, पण अनेक वाद्यवृंदांत पहिल्या फेरीला उमेदवार पडद्याआड वाजवतो. नाव पुकारत नाहीत, क्रमांक पुकारतात. चालताना बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून दारापासून खुर्चीपर्यंत गालिचा घातलेला असतो, आणि उमेदवाराला काही विचारायचे असेल तर तो सोबतच्या कर्मचाऱ्याच्या कानात कुजबुजतो, तो कर्मचारी मोठ्याने विचारतो.