बंद दारामागची तालीम : वडोदऱ्यातली पार्श्वभूमी

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या सकाळच्या फेऱ्या थांबल्या. जिम आणि योगवर्ग उघडायला केंद्राने मुभा दिली ती थेट ५ ऑगस्टपासून. मधल्या काळात दांडियाबाजारातल्या मराठी घरांना हाताशी होते ते जुनेच प्रकार : दंड, बैठका, सूर्यनमस्कार. एका सतरंजीत मावणारे.

या गावात त्यांची मुळं खोल आहेत. जुम्मादादा या उस्तादांच्या आखाड्याचा वारसा त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी चालवला आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात करी तो व्यायाम रांगेत, हुकमावर करून घेतला. १९३६ पासून द. चिं. मजुमदारांचे व्यायाम ज्ञानकोशाचे मराठी खंड निघाले तेही इथूनच. पण माणिकरावांनी घालून दिलेली खरी सोय म्हणजे शेजारी घाम गाळणारी माणसं आणि आकडे म्हणणारा आवाज. टाळेबंदीत नेमकं तेच गेलं. जागेचा प्रश्न त्यामानाने किरकोळ.

दुसरी तूट रोजच्या हालचालीची, ती लवकर ध्यानात येत नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दाखवलं, की जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो. १९६६ मध्ये डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी पाव हिश्शाहून अधिक घटली. घरी बसणं म्हणजे अंथरूण नव्हे, हे खरं. तरी बाजार, ऑफिस, जिने सुटले की पंधरा मिनिटांचे नमस्कार ती हालचाल भरून काढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंना ताण, आणि बसणं कमी, असं सांगितलं. यातलं शेवटचंच लोक विसरतात.

चूक बहुधा उत्साहात होते. महिनाभर काही नाही आणि एकदम शंभर बैठका! खाली जाताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतात, त्यांना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली तर तडक दवाखाना गाठावा, कारण फाटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडावर येतं. दहा-दहाच्या दोन फेऱ्यांनी सुरुवात, एक दिवस आड, दुखणं ओसरल्यावर पाच वाढवायच्या. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून दंड मारू नयेत. पाय सटकतो आणि भार मनगटावर येतो. आकडे म्हणायला कुणी नसेल तर ठरल्या वेळी फोन स्पीकरवर लावून मित्राकडून म्हणून घ्यावेत.