दोन मोजण्यांच्या मधले वादळ

ऑक्टोबर २०१८मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत कीटकांच्या महाविनाशाचे मथळे झळकले. त्यांचा उगम कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर, लुकिल्यो डोंगररांगेतील एका सदाहरित जंगलात होता. लिस्टर आणि गार्सिया या संशोधकांनी तेथे १९७६-७७मध्ये पकडलेल्या कीटकांचे वजन २०११ ते २०१३मधील वजनाशी ताडून पाहिले, ते दहाव्या ते साठाव्या हिश्शावर आल्याचे सांगितले आणि त्याचे खापर वाढत्या तापमानावर फोडले. याच जंगलात १९८८पासून सलग नोंदी ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांनी मात्र हरकत घेतली. तापमानाच्या नोंदींतील एक मोठी उडी उपकरण बदलल्यामुळे आलेली होती. शिवाय या दोन मोजण्यांच्या मध्ये १९८९चे ह्यूगो आणि १९९८चे जॉर्जेस ही चक्रीवादळे येऊन गेली होती. तापमानवाढ खोटी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण केवळ दोन टोकांच्या मोजण्यांवरून मधल्या पस्तीसएक वर्षांची गोष्ट सांगता येत नाही.

वादळात झाडे पडतात हे खरे. परंतु जंगलाच्या दृष्टीने पाने झडणे अधिक महत्त्वाचे असते. ह्यूगोनंतर बहुसंख्य झाडे उभीच होती, पण त्यांची पाने आणि फांद्या गेल्या आणि एरवी काळोख्या असणाऱ्या जमिनीवर ऊन उतरले. त्या उन्हाची वाट पाहत मातीत पडून असते सेक्रोपिया या मोकळ्या उन्हात झपाट्याने वाढणाऱ्या झाडाचे बी.

हे बी अगदी बारीक असते. त्यात अन्नसाठा जवळपास नसतो, त्यामुळे सावलीत रुजणे म्हणजे त्याच्यासाठी मरणच. मग डोक्यावर पाने आहेत की आकाश, हे त्याला कसे कळते? हिरवे पान सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश शोषून घेते, पण ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूर-लाल प्रकाश मोठ्या प्रमाणात आरपार जाऊ देते. म्हणून झाडांच्या सावलीत प्रकाश नुसता कमी नसतो, त्याची प्रतही बदललेली असते. बियांमध्ये फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते आणि त्याची दोन रूपे असतात. लाल प्रकाश पडला की ते क्रियाशील रूपात जाते आणि दूर-लाल प्रकाश पडला की निष्क्रिय रूपात परतते. सावलीत पारडे निष्क्रिय रूपाकडे झुकलेले असते. डोक्यावरचे पानांचे छत उघडले की ते फिरते आणि बी रुजू लागते. बियाला उजेड किती यापेक्षा कोणता, हे कळते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. आपल्याकडे सह्याद्रीत रान तोडल्यावर चांदाड्याची झाडे माजतात, तेव्हा ‘जमिनीनेच आपणहून दिले’ असे म्हणणारे भेटतात. जमीन काही देत नाही. बी आधीच पडलेले असते किंवा पाखरांनी आणलेले असते.

वादळ दोन गोष्टी एकदमच करते: छत उघडते आणि खाली पाल्याचा ढीग पाडते. यांपैकी कशाचा परिणाम अधिक, हे नुसते पाहून ठरत नाही. म्हणून लुकिल्योच्या संशोधकांनी २००४-०५मध्ये माणसे झाडांवर चढवून फांद्या छाटल्या. जंगलाच्या काही तुकड्यांत छाटलेला पाला तेथेच राहू दिला, काहींतून तो उचलला, काहींत छत न छाटता बाहेरून आणलेला पाला टाकला आणि काहींना हातही लावला नाही. बहुतेक बाबतींत उघड्या छताचा परिणाम वरचढ ठरला. ऊन लागल्यावर पाला लवकर कुजेल असे वाटते, पण घडले उलटेच. पाचोळा वाळला, पानांचे थर आपल्या तंतूंनी बांधून ठेवणारी बुरशी ओसरली आणि कुजणे मंदावले. ओल्या पाचोळ्यावर जगणारे कीटक अशा वेळी घटतात, कोवळ्या पाल्यावर पोसणारे काही वाढतात, आणि छत पुन्हा मिटू लागले की चित्र पालटते. म्हणजे कीटक किती सापडतील, हे वादळाला किती वर्षे झाली यावरही ठरते.

तेथील १६ हेक्टरांच्या एका भूखंडात छातीच्या उंचीवर किमान १ सेंटिमीटर जाड असलेले प्रत्येक खोड १९९०पासून क्रमांक देऊन मोजले जात आले आहे. २० सप्टेंबर २०१७च्या मारिया वादळाने ह्यूगोच्या दुप्पट झाडे मारली, हे या जंगलातल्या अशा जुन्या नोंदींमुळेच सांगता आले. कीटकांचे मथळे छापून आले तेव्हा मारियाला जेमतेम वर्ष झाले होते आणि त्या मथळ्यांमागची शेवटची मोजणी मारियाच्याही चार वर्षे आधीची होती.