भुवयांची नीळ आतड्याच्या औषधात कशी आली

नीळ देणाऱ्या झाडांची पानं पाण्यात कुजवायची, पाणी गाळून घ्यायचं, त्यात चुना घालून घुसळत राहायचं. हवा लागली की हिरवट पाणी निळं होतं आणि वर फेस धरतो. तळाशी बसतो तो रंगाऱ्यांचा गाळ. वरचा फेस काढून वाळवला की झाली 'छिंग दाई', चिनी वैद्यांची औषधी नीळ. भुकटी इतकी हलकी की पाण्यावर तरंगते, बोटाला लागली की सहजी सुटत नाही आणि तापवली तर जांभळट धूर सोडते. आपल्याला नीळ म्हटली की चंपारण आठवतं. तिथलं झुडूप वेगळं, पण रंगद्रव्य तेच.

'दाई' म्हणजे भुवया रंगवायचा रंग. दहाव्या शतकातल्या, चीनच्या सोंग राजवटीच्या काळातल्या औषधी द्रव्यांच्या संग्रहात ही नीळ इराणहून येते अशी नोंद आहे. म्हणजे 'अस्सल चिनी' म्हणून आज विकली जाणारी ही वस्तू एके काळी चीनमध्येच परदेशी माल होती! वैद्य ती उष्णता उतरवायला, रक्तस्राव थांबवायला आणि तोंडा-घशातल्या फोडांवर वापरत.

आतड्याशी तिचा संबंध आला तो घशातूनच. अठराव्या शतकातलं 'शी लेई सान' हे चूर्ण घशातल्या व्रणांवर फुंकायचं औषध. त्यात नीळ, मोती, गोरोचन, हस्तिदंताचा भुगा आणि चक्क माणसाची नखं. विसाव्या शतकात चिनी डॉक्टरांनी हेच चूर्ण बस्तीवाटे मोठ्या आतड्यात द्यायला सुरुवात केली. घशातला व्रण भरतो तर आतड्यातला का नाही, असा साधा हिशेब. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचातून रक्त जातं. आजार दबतो आणि पुन्हा उफाळतो. असा रुग्ण नवं काहीही करून बघायला तयार असतो, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

याच सुमारास चीनमध्ये रक्ताच्या कर्करोगावर उपयोगी पडलेल्या अकरा द्रव्यांच्या एका जुन्या गोळीत खरं काम नीळच करते, असं आढळलं. तिच्यातून इंडिरुबिन हे द्रव्य हाती लागलं.

पुढची गोष्ट जपानमधली. तिथे ही भुकटी औषध म्हणून मंजूर नव्हती, पण विकत मिळत होती, आणि कोलायटिसचे रुग्ण आपणहून ती घेऊ लागले होते. केइओ विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आधी वीस रुग्णांवर ती तपासली आणि 2016 मध्ये अनेक रुग्णालयांत मिळून मोठी चाचणी सुरू केली. 86 रुग्ण, रोज अर्धा, एक किंवा दोन ग्रॅम नीळ, नाहीतर नुसती नकली कॅप्सूल. आठ आठवड्यांनी नकली कॅप्सूलवाल्यांपैकी 13.6 टक्क्यांना उतार पडला होता. नीळ घेणाऱ्यांत मात्रेनुसार 69.6, 75 आणि 81 टक्क्यांना. इतका फरक या आजारात क्वचित दिसतो.

तरीही चाचणी डिसेंबर 2016 मध्ये मध्येच थांबवावी लागली. चाचणीबाहेरच्या एका रुग्णाने स्वतः विकत आणून सहा महिने नीळ घेतली होती आणि त्याच्या फुप्फुसाच्या धमन्यांत रक्तदाब वाढला होता. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा काढला. नंतरच्या देशव्यापी पाहणीत 49,320 कोलायटिस रुग्णांपैकी 877 जणांनी नीळ घेतल्याचं दिसलं. त्यांतल्या 91 जणांना त्रास झाला होता, सर्वांत जास्त यकृताचा; धमन्यांचा तोच विकार 11 जणांना.

जुन्या औषधांच्या बाजूने 'हजार वर्षांचा अनुभव आहे' असं म्हटलं जातं; ते वाक्य इथे अपुरं पडतं ते यामुळे. चिनी औषधकोशातली मात्रा दिवसाला एक ते तीन ग्रॅम आहे, म्हणजे जपानी रुग्णांनी भुकटी फार खाल्ली असं नाही. पण जुन्या वैद्यांची नीळ बहुधा इतर द्रव्यांत मिसळलेली असे, बरेचदा फोडावर लावलेली किंवा फुंकलेली. ती एकटी, रोज, महिनोन् महिने पोटात घेणं ही नवी रीत आहे.