घरापुढचं ट्रिमिक्स: एका कोटेशनमागची पार्श्वभूमी

पुण्या-नाशकात बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंतची जागा पक्की करायची म्हटलं, की कोटेशनमध्ये हल्ली एक ठरलेली ओळ असते: ‘ट्रिमिक्स, १०० मिमी, एम२०, ग्रूव्ह कटिंगसह’. ट्रिमिक्स म्हणजे ओतल्यावर जास्तीचं पाणी पंपानं खेचून यंत्रानं घोटलेलं काँक्रीट, एम२० ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत, आणि ग्रूव्ह कटिंग म्हणजे सांध्यांसाठी मारलेल्या खाचा. भाव चौरस फुटाचा. सोलिंग (तळाचा दगडांचा थर) आणि मुरूम वेगळा, काळी माती लागली तर खोदाई वेगळी. मालक तीन कोटेशनं मागवतो, तिन्हींत हीच ओळ असते आणि भावात मात्र चांगलाच फरक असतो. हा फरक कुठून येतो ते कळायला ही ओळ कोटेशनमध्ये आली कशी, हे पाहावं लागतं.

दगडी फरसबंदीचे वाडे आणि सारवलेली अंगणं हा फार मागचा भाग. बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा घरापुढं मुरूम पसरायचा, पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा आणि ऐपत असेल तर वर शहाबादी बसवायची, अशी रीत होती. गाड्या मोजक्या. गाडीवाल्यांपैकी काही जण फक्त चाकांपुरते दोन पट्टे पक्के करून घेत, मधे हिरवळ. काँक्रीट कसं घालायचं हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला रस्ता ओहायो राज्यात बेलफाउंटन गावी १८९१ मध्ये सुरू झाला, तोही पाच-पाच फुटांचे चौकोन पाडून. म्हणजे सांधे हवेत ही गोष्ट तेव्हाच कळलेली होती. आपल्याकडं मुंबईचा मरीन ड्राइव्ह १९४०च्या आसपास काँक्रीटचा झाला आणि पुढं कित्येक दशकं टिकला. घरापुढं मात्र काँक्रीट येईना, कारण सिमेंटच मिळत नव्हतं.

परमिटवर सिमेंट घेतलेली पिढी अजून आहे. घराच्या स्लॅबला लागतील तेवढी पोती मिळाली तरी नशीब. अंगणात कोण घालणार? महाराष्ट्रात हा विषय इतका पेटला, की सिमेंटच्या वाटपावरून जानेवारी १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं आणि कारखान्यांना उत्पादनाचा काही हिस्सा खुल्या बाजारात विकता येऊ लागला. १ मार्च १९८९ पासून नियंत्रण पूर्ण गेलं. याच काळात, डिसेंबर १९८३ मध्ये, मध्यमवर्गाला परवडेल अशी छोटी गाडी बाजारात आली. सिमेंट मोकळं झालं आणि दारात गाडी आली, या दोन गोष्टी सात-आठ वर्षांत घडल्या. घरापुढच्या काँक्रीटचा आपल्याकडचा खरा इतिहास इथून सुरू होतो, असं माझं मत आहे.

सुरुवातीला आला तो कोबा. सोलिंगवर एक-दोन-चारचा (सिमेंट, वाळू, खडी) माल, वर सिमेंटची घोटाई, आणि चाकं घसरू नयेत म्हणून दाण्यांचा रोलर फिरवायचा किंवा उतारावर रेघा ओढायच्या. माल फावड्यानं कालवलेला, पाणी बिगाऱ्याच्या अंदाजानं. माणसांच्या वावराला कोबा उत्तम. गाडीच्या चाकाखाली मात्र त्याचा वरचा घोटलेला पापुद्रा खालच्या थरापासून सुटायचा आणि खपल्या निघायच्या. दोष गवंड्याच्या हाताचा नव्हता. पाणी जास्त पडत होतं, आणि जास्तीचं पाणी वर येऊन पृष्ठभागच कच्चा करत होतं.

ट्रिमिक्स आलं ते याच दुखण्यावर. काँक्रीट ओतल्यावर निर्वात पंपानं त्यातलं पाणी खेचून काढायची कल्पना १९३०च्या दशकात अमेरिकेत पुढं आली. तिचा सुटसुटीत यंत्रसंच स्वीडनमधून आला आणि त्या संचाचं व्यापारी नावच आपल्याकडं पद्धतीचं नाव होऊन बसलं. आधी कारखान्यांच्या आणि गोदामांच्या जमिनी झाल्या, मग इमारतींची पार्किंगं, आणि शेवटी बंगल्यांची कंपाउंडं.

यातला निर्वाताचा टप्पा हाच आज वादाचा मुद्दा आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकात ठरावीक प्रमाणाच्या एम२० मालासाठी सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. सिमेंट पूर्ण मुरायला साधारण वीसेक लिटर पुरतात. वरचे दहा लिटर फक्त माल हलावा, पसरावा, कोपऱ्यात बसावा म्हणून. काम झालं की ते पाणी उडून जातं आणि जाताना मागं बारीक छिद्रं ठेवतं. पृष्ठभागावर पांढुरकी धूळ सुटते, पहिल्याच उन्हाळ्यात केसासारख्या भेगा दिसतात, त्या याच पाण्यामुळं.

मूळ पद्धतीत हे पाणी काढून घेतात. दोन बाजूंना लोखंडी चॅनेल लेव्हलला लावायचे, मधे माल ओतायचा, तो दाबून बसवायला नीडल व्हायब्रेटर फिरवायचा, मग सपाट करायला चॅनेलवरून दुहेरी बीमचा स्क्रीड व्हायब्रेटर ओढायचा. वर गाळणीच्या कापडाचे पॅड, त्यावर रबरी चादर, चादरीला नळी, नळीला पंप. चार इंची थराला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पंपाच्या टाकीत गढूळ पाणी पडताना दिसतं, चादर काँक्रीटला घट्ट चिकटते, थर तीनेक मिलिमीटर खाली बसतो. मालातलं पंधरा ते पंचवीस टक्के पाणी निघून जातं. चादर उचलल्यावर त्यावरून माणूस चालला, तर पावलाचा जेमतेम ठसा उमटतो. त्यानंतर घोटाईची यंत्रं: आधी डिस्कचा फ्लोटर, आणि मग पात्यांचा पॉवर ट्रॉवेल.

आज बहुतेक घरगुती कामांवर ट्रिमिक्स म्हणून जे होतं त्यात पंप नसतो, पॅड नसतात, चादर नसते. चॅनेल, स्क्रीड आणि शेवटचं घोटायचं यंत्र एवढंच असतं. मालकाला गुळगुळीत, करडी, एकसारखी जमीन दिसते आणि तो खूश होतो.

हा टप्पा गळाला कसा, यावर दोन मतं आहेत. ठेकेदारांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. १९९०च्या दशकात मुंबई-पुण्यात रेडिमिक्सचे, म्हणजे कालवलेलं काँक्रीट ट्रकनं पाठवणारे, प्लांट उभे राहू लागले. त्यांच्या मालात पाणी कमी ठेवून माल पातळ करणारी रसायनं असतात; ही रसायनं १९६०च्या दशकात जपान आणि जर्मनीत तयार झाली. पाणी मुळातच पोत्यामागं वीस-बावीस लिटरवर आणलेलं असेल तर पंपानं ओढायचं काय? शिवाय आताच्या मालात वीजकेंद्रांतली राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश असते आणि नदीच्या वाळूऐवजी दगड भरडून केलेली क्रश सँड असते. वाळूउपशावर २०१२च्या न्यायालयीन निकालानंतर बंधनं आली, क्रश सँड सगळीकडं रुळली आणि २०१६च्या सुधारणेत खडी-वाळूच्या मानकानंही तिला जागा दिली. या दोन्हींत बारीक भुकटी जास्त. गाळणी तिनं तुंबते आणि पाणी वरच्या इंचभरातूनच निघतं. तेव्हा निर्वाताची गरज संपली, असा हा युक्तिवाद.

कागदावर तो बरोबर आहे. साइटवर काय होतं ते पाहा. मिक्सर गल्लीत वळत नाही म्हणून नाक्यावर थांबतो. रेडिमिक्सच्या मानकाप्रमाणं पाणी घातल्यापासून दोन तासांत माल उतरायला हवा. वाहतुकीत आणि वाट पाहण्यात तेवढा वेळ केव्हाच जातो. माल आवळू लागतो. मुकादम ओरडतो, ‘पाणी मार रे थोडं’. ड्रायव्हर ट्रकच्या टाकीचा पाइप ड्रममध्ये सोडतो. किती लिटर गेलं, कोणी लिहीत नाही. प्लांटनं रसायन घालून वाचवलेलं पाणी शेवटच्या पाच मिनिटांत परत येतं, आणि ते काढणारा पंप तर आपण आधीच घरी ठेवलेला असतो. मग पॉवर ट्रॉवेल काय करतो? वर आलेलं ओलसर सिमेंट चेपून चकचकीत करतो. वरचं चांगलं दिसतं, पण एका पावसाळ्यानंतर चाकांच्या पट्ट्यात खडी डोकावू लागते.

माझ्या मते भांडण पंपाचं नाही. निर्वात वगळायचा तर स्लम्प, म्हणजे मालाचा पातळपणा, मोजायलाच हवा आणि ड्रममध्ये पाणी घालणं बंद हवं. ते जमणार नसेल तर पंप लावा. दोन्ही सोडून भाव मात्र ट्रिमिक्सचा लावणं, हे काही पटत नाही. तीन कोटेशनांतला फरक बराचसा इथं दडलेला असतो आणि ओळीत तो दिसत नाही. पंप आणि पॅड साइटवर येणार का, हे विचारणारा मालक विरळाच.

सांध्यांचा इतिहास त्यामानानं सरळ आहे. पूर्वी बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौकोन भरायचे आणि मधले नंतर. सांधा आपोआप व्हायचा, पण काम लांबायचं. काँक्रीट कापायचं यंत्र आल्यावर लांब पट्टा एका दमात ओतायचा आणि नंतर खाचा मारायच्या, अशी रीत पडली. चार इंची थराला आठ-दहा फुटांवर खाच, खोली जाडीच्या निदान पाव, म्हणजे इंचभर. मेच्या उन्हात ही खाच दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मारायला हवी. कटरवाला मोकळा होऊन येतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तोवर काँक्रीटनं आपली रेघ आपणच ठरवलेली असते. दुसरी हमखास जागा म्हणजे ड्रेनेजच्या चेंबरचा कोपरा. चेंबरभोवती आणि भिंतीलगत शालिटेक्सची (डांबर मुरवलेल्या बोर्डाची) किंवा थर्माकोलची पट्टी घातली नाही, तर त्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघतेच.

थरात घालायच्या पोलादी जाळीबद्दल थोडक्यात. भेग पडू नये म्हणून जाळी, असं सांगून ती विकली जाते. जाळी भेग थांबवत नाही, पडलेली भेग रुंदावू देत नाही, आणि तेही ती थराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल तर. प्रत्यक्षात ती सोलिंगवर पसरतात, माणसं तिच्यावरून घमेली घेऊन चालतात आणि ती तळाशीच राहते. तिथं तिचा उपयोग शून्य.

मधल्या काळात पेव्हर ब्लॉकची लाट येऊन गेली. मूळ कल्पना युद्धोत्तर हॉलंडमधली, विटांच्या टंचाईतून आलेली. आपल्याकडं मुंबईच्या फुटपाथांवरून ते सोसायट्यांत शिरले; २००६ मध्ये त्यांचं स्वतंत्र मानकही आलं. हलक्या वाहनांना ६० मिमी जाडी लागते. ब्लॉक उचलून खालची पाइपलाइन दुरुस्त करता येते, ही त्यांची मोठी सोय. पण खालची भरणी नीट दाबलेली नसली की चाकांखाली खळगे पडतात, आणि काळ्या मातीवर तर हटकून. मुंबईच्या रस्त्यांवर त्यांची जी बदनामी झाली ती घरापर्यंत पोचली आणि बरेच जण काँक्रीटकडं वळले. काळी माती काँक्रीटलाही सोडत नाही. ती काढून मुरूम थराथरानं दाबल्याशिवाय वर काहीही घाला, पावसाळ्यात फुगून उचलणार आणि उन्हाळ्यात खचणार.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत विषय फाटकाबाहेर गेला. गल्ल्याच काँक्रीटच्या होऊ लागल्या. जुना रस्ता न खणता वरच थर चढवला की रस्ता उंच आणि कंपाउंड खाली. पूर्वी घराकडून फाटकाकडं दिलेला शंभरात एकचा उतार उलटा पडतो, आणि गल्लीचं पाणी पोर्चमध्ये. आता अनेक ठिकाणी नवं काँक्रीट गाडीसाठी नसतंच, ते अंगण रस्त्याच्या बरोबरीला आणण्यासाठी असतं. मग पोर्चची पायरी बुडते आणि फाटक खालून कापावं लागतं.

झाडांचा प्रश्न २०१३ मध्ये दिल्लीच्या एका आदेशानं ऐरणीवर आणला: झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करा. तो सार्वजनिक जागांबद्दल होता, पण महाराष्ट्रातल्या शहरांतही झाडांची आळी मोकळी करण्याची मागणी त्यानंतर वाढली. पाणी मुरण्याचा मुद्दा त्याआधीचा. मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण २००२ पासून सक्तीचं झालं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा काँक्रिटीकरणावर बरंच बोट दाखवलं गेलं. ओढ्याच्या पात्रातली बांधकामं त्या पुराला जास्त जबाबदार होती, बंगल्यांची अंगणं त्यामानानं कमी. तरी चाकांपुरते दोन पट्टे ही जुनी रीत आता काही आर्किटेक्ट पुन्हा काढू लागले आहेत.

उरतं क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. काम होतं मेमध्ये, पावसाच्या आधी, म्हणजे नेमकं टँकरच्या दिवसांत. मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) दहा, आणि कोरड्या उष्ण हवेत त्याहून जास्त. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसीच, तरी साइटवर ‘सात दिवस बास’ हेच चालू आहे. वाफे करून पाणी साठवण्याऐवजी काही जण ओली बारदानं टाकतात, काही आतलं पाणी उडू न देणारं क्युरिंग कंपाउंड फवारतात. पुण्यात बांधकामाला सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरा, असा आग्रह अलीकडं वाढला आहे. मानकाची हरकत नाही, पण पाण्याचा पीएच सहाच्या खाली नको, आणि क्लोराइडची मर्यादा सळई नसलेल्या काँक्रीटला लिटरला २००० मिलिग्रॅम, सळई असेल तर ५००. घरापुढच्या साध्या थराला हे पाणी सहसा चालून जातं. जाळी घालणाऱ्यानं मात्र टँकरवाल्याकडून पाण्याचा तपासणी अहवाल मागून घ्यावा.